कात्रजच्या गॅरेजवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

परवा निघताना घाईत नुसतं ‘येतो’ म्हणालो. ते मनाला लागून राहिलंय, म्हणून हे पत्र.

आईला डोळ्यांच्या इंजेक्शनसाठी दर महिन्याला साताऱ्याहून पुण्याला आणतो. जूनपासून गाडीनं ८० गाठले की स्टिअरिंग थरथरायचं. ६० च्या खाली आलं की गप्प. नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलाकडे उतार लागतो, तिथं मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरायचो. मागं आई दाराची मूठ धरून बसलेली. ती बोलायची नाही, पण पूल संपला की तिचा सुटलेला श्वास मला ऐकू यायचा.

इथल्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला तीन खेपा झाल्या. दोनदा चाकांची दिशा जुळवायची अलाइनमेंट, एकदा चाकांचा तोल साधायचं बॅलन्सिंग. अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर कडेला झिजतात, हे मला तुमच्याकडून कळलं. त्यांनी टेस्ट ड्राइव्ह घेतली ती सिग्नल ते सिग्नल, ४० च्या आत. तिथं काय जाणवणार? शेवटी स्टिअरिंग रॅक बदलायचं २८ हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलं. तिन्ही वेळा आई तिथंच खुर्चीवर बसून होती. तिला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही बॉनेटला हात लावला नाही. ब्रेक दाबल्यावर हलते का, एवढंच मला विचारलंत. नाही म्हटल्यावर ‘मग ब्रेकची डिस्क नको बघायला’ म्हणत मागचं दार उघडलंत आणि आईसमोर उकिडवे बसलात.

“आजी, तुम्हाला बसल्या जागी कळतं का हो? का ह्यांच्या हातालाच?”

“मला काही नाही. ह्याचेच हात हलतात.”

“मग पुढचं चाक.”

काका, चार महिने ती माझ्या मागं बसत होती आणि मला हे विचारायचं सुचलं नव्हतं. तिला दिसत नाही म्हणून घरात आम्ही तिला कशातलंच विचारेनासे झालो होतो. तुम्ही विचारलंत, आणि तिच्या उत्तरावर विसंबून कामाला लागलात.

डावं पुढचं चाक मागं आणि मागचं पुढं टाकून आपण हायवेला गेलो. ९० ला स्टिअरिंग शांत, आणि मागून आई ओरडली, “आता माझ्याकडं आलं!” तेव्हाचा तिचा आवाज मी कित्येक महिन्यांनी ऐकला. रिमची आतली कड खड्ड्यात आपटून वाकली होती, बाहेरून दिसण्यासारखी नव्हतीच. वजनं लावून मशीनवर चाकाचा तोल साधतो, पण वाकडी रिम वाकडीच फिरते. नाना पेठेतून रिम आणलीत, बसवलीत, संध्याकाळच्या आत आम्ही घरी.

समोरच्याला काही ठाऊक असेल असं धरून त्याला विचारणं, मला वाटतं माणुसकी इथून सुरू होते. म्हाताऱ्या माणसांच्या वाट्याला ती फार कमी येते.

परवा परतताना आई बोगद्यापर्यंतच झोपून गेली. पुढच्या खेपेला गॅरेजपाशी थांब म्हणालीय, तिला खाली उतरून तुमच्याशी बोलायचंय.

तुमचा,
साताऱ्याचा गाडीवाला