नानाकाकांच्या प्लॉटिंगबद्दल, बाबांना आणि आईला

ती. बाबा आणि आई,
शि. सा. नमस्कार.

रिअल इस्टेट एजंट म्हणून माझं नोंदणीचं प्रमाणपत्र आलं. महारेरा, म्हणजे घर-जमिनीच्या प्रकल्पांवर आणि एजंटांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, त्याच्या पोर्टलवर आता माझ्या नावासमोर नंबर दिसतो. प्रकल्पांचे नंबर इंग्रजी ‘पी’ने सुरू होतात, एजंटांचे ‘ए’ने. फोनवर सांगितलं तेव्हा आई म्हणाली, देवापुढं साखर ठेवते. आणि बाबा, तुम्ही नुसतं ‘बरं’ म्हणून फोन तिच्याकडं दिलात. तुमच्या ‘बरं’चे सगळे प्रकार मला शाळेपासून पाठ आहेत, त्यामुळं हे कुठलं ते लगेच कळलं. फोनवर तुम्ही माझं पुरतं ऐकून घेणार नाही, पत्र मात्र शेवटपर्यंत वाचाल. त्यात रविवारी नानाकाका त्यांच्या मित्राच्या प्लॉटचं टोकन न्यायला यायचेत. त्याआधी हे तुमच्या हाती पडावं म्हणून कुरिअरने पाठवतेय. अक्षरं मुद्दाम मोठी ठेवली आहेत, आईलाही चष्मा न शोधता वाचता येईल.

आधी परीक्षेचं सांगते. “एजंट व्हायला कसली आलीय परीक्षा?” असं तुम्ही दादाला विचारलंत म्हणे. पूर्वी खरंच नव्हती. रेरा कायदा २०१६चा, आपल्याकडं महारेरा सुरू झालं मे २०१७मध्ये. तेव्हापासून एजंटाला नोंदणी सक्तीची होती, पण फॉर्म भरला, १०,००० रुपये फी भरली की काम झालं. समोरच्याला कार्पेट एरिया, म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापराची जागा, कशी मोजतात हे येतं की नाही, कुणी विचारत नव्हतं. जानेवारी २०२३मध्ये महारेराने ठरवलं की प्रशिक्षण आणि परीक्षा झाल्याशिवाय एजंट नाही, नव्यांना नाही आणि जुन्यांनाही नाही. मुदतवाढी मिळत मिळत १ जानेवारी २०२४पासून ते सगळ्यांना लागू झालं. ज्यांनी प्रमाणपत्र दिलं नाही अशा वीस हजारांच्या आसपास एजंटांच्या नोंदण्या पुढं स्थगित केल्या. प्रशिक्षण वीस तासांचं असतं आणि परीक्षा घेते आयबीपीएस, बँकभरतीच्या परीक्षा घेणारी संस्था. हो, तीच, जिच्यासाठी दादाला तुम्ही पहाटे साडेचारला उठवायचात. मला कुणी उठवलं नाही, तरी झाले पास. एवढी फुशारकी मारून घेते.

आमच्या बॅचमध्ये एक गृहस्थ होते, साठीच्या पुढचे. पेठांमध्ये उभा जन्म खोल्या आणि फ्लॅट दाखवण्यात गेलेला. पहिल्या दिवशी ते मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसले, चेहऱ्यावर ‘आता तुम्ही मला शिकवणार’ असा भाव. शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर एक टू-बीएचके काढला आणि विचारलं, यातलं काय काय कार्पेटमध्ये धरायचं? आतल्या खोल्यांमधल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती सोडायच्या, डक्ट सोडायचे. इथवर सगळे बरोबर होते. बाल्कनीपाशी वर्गाचे दोन तट पडले. हे गृहस्थ ठामपणे म्हणाले, “बाल्कनी धरायचीच, आम्ही कायम धरत आलोय.” बाईंनी कायद्याचं कलम काढून वाचायला दिलं. त्या फ्लॅटची स्वतःची म्हणून दिलेली बाल्कनी किंवा गच्ची कार्पेटमध्ये येत नाही, ती वेगळी दाखवावी लागते. त्यांनी ते एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, मग वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. चहाच्या सुट्टीत मला म्हणाले, “एवढी वर्षं विकली की हो मी ती बाल्कनी.” दुसऱ्या दिवसापासून ते पहिल्या बाकावर बसायला लागले.

परीक्षेनंतर नोंदणीचा अर्ज. पॅन, आधार, पत्त्याचा पुरावा, तीन वर्षांची इन्कम टॅक्स रिटर्न्स. अंगावर एखादी दिवाणी किंवा फौजदारी केस चालू असेल तर तीही जाहीर करायची. लेटरहेड कसं असणार, रबरी शिक्का कसा उमटणार, पावती कशी देणार, याचे नमुनेसुद्धा मागतात. मला हे आवडलं. उद्या कुणाच्या हातात माझ्या शिक्क्याचा कागद असेल आणि मी म्हणाले की हा माझा नव्हेच, तर नमुना त्यांच्याकडं आहे. बाबा, पॅन कार्डावर तुमचं नाव आहे, सासरचं नाही, तेव्हा अर्जाबरोबर तुम्हीही जाऊन आलात. ही नोंदणी पाच वर्षांची असते. नंबर ऑफिसात लावायचा, प्रत्येक जाहिरातीत, प्रत्येक कागदावर छापायचा. व्यवहाराचे हिशेब आणि कागद जपून ठेवायचे.

तुम्हाला काय खटकतं ते मला ठाऊक आहे. बँकेत चौतीस वर्षं एका पैशाचा घोळ न करता नोकरी केलेल्या माणसाच्या मुलीने दलाली करावी, ही ती सल. लोक काय म्हणतील हे त्याच्या मागनं येतंच. मी तुमची समजूत घालत बसणार नाही. या धंद्यात लबाड माणसं आहेत आणि परीक्षा पास होऊन कुणी सज्जन होत नाही. फक्त आता लबाडी केली तर ती माझ्या नंबरावर चढते, तक्रार त्या नंबरावर होते आणि नंबर रद्दही होतो.

आता नानाकाकांकडं येते.

आईने मला व्हॉट्सॲपवर त्यांच्या मित्राच्या प्लॉटिंगचं पत्रक पाठवलं. हायवेपासून पाच मिनिटं, दोन एकर, दोन-दोन गुंठ्यांचे प्लॉट, ‘एनए प्रस्तावित’ म्हणजे बिगरशेती परवानगी अजून मिळायची आहे, कोपऱ्यात डोंगराचा फोटो, तोही आपल्याकडचा नसावा. खाली लिहिलंय, ‘अधिकृत एजंट’ आणि पुढं माझं नाव. मला न विचारता. नंबर अजून टाकलेला नाही, तो काका रविवारी आईकडनं घेणार आहेत म्हणे. आई, तो देऊ नकोस. पोर्टलवर कुणालाही बघता येतो हे खरं, पण तू दिलास की त्यांना वाटेल मी हो म्हटलं.

त्या पत्रकावर महारेराचा नंबर नाही आणि क्यूआर कोडही नाही. ऑगस्ट २०२३पासून जाहिरातीवर क्यूआर कोड छापणं सक्तीचं आहे. मोबाइलने तो टिपला की प्रकल्पाची सगळी कुंडली उघडते. काका म्हणतील, रेरा इमारतींना, प्लॉटला कशाला? तसं नाही. जमीन पाडून प्लॉट विकणं हाही प्रकल्पच. सूट आहे ती जागा पाचशे चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल तर, म्हणजे जेमतेम पाच गुंठे. इथं दोन एकर, म्हणजे ऐंशी गुंठे आहेत. नोंदणी होईपर्यंत मालकाला जाहिरात करता येत नाही, बुकिंग घेता येत नाही, विकणं तर लांबच.

पत्रकावर गट नंबर होता म्हणून मी पंधरा रुपये भरून डिजिटल सातबारा काढला, तो या पत्रासोबत जोडलाय. बाबा, तुम्ही कर्जाचे कागद तपासायचात तसा वाचा. भोगवटादार, म्हणजे जमिनीचे मालक, म्हणून चार भाऊ आणि एक बहीण आहेत. काकांचे मित्र त्यातले एक, बाकीच्यांच्या सहीचा कुठं पत्ता नाही. शेरा जिरायतीचा. आणि इतर हक्कांच्या रकान्यात विकास सोसायटीचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद आहे, कमी झालेली नाही. असा सातबारा घेऊन तुमच्या काउंटरवर कुणी कर्ज मागायला आलं असतं तर तुम्ही त्याला बसायलाही सांगितलं नसतं.

आणि दोन गुंठे तुमच्या नावावर होणार कसे, हे विचारलंत का? काकांनी दादाला सांगितलं की सातबाऱ्यावर ‘सामाईकात’ नाव लागेल. म्हणजे दहा-पंधरा खरेदीदारांची नावं एकाच गटावर एकाखाली एक. तुमचा प्लॉट कुठला, रस्त्याकडचा की ओढ्याकडचा, ते कागदावर कुठंच नाही, फक्त चुना टाकून आखलेलं. पहिल्या पावसात चुना जातो. शेतजमिनीचे असे तुकडे पाडायला तुकडेबंदीचा कायदा १९४७पासून आडवा आहे, म्हणून ही सामाईकाची वाट काढतात. त्या कायद्यात अलीकडं सवलती दिल्या गेल्या, पण त्या सरसकट नाहीत आणि ‘आता सगळं रेग्युलर होतं’ एवढ्यावर कुणी पेन्शनीतून साठवलेले पैसे देऊ नयेत. निदान आपण देऊ नयेत.

काकांनी मला प्लॉटमागे कमिशनही कबूल केलंय. रक्कम बरी आहे, खोटं कशाला बोलू. इथं पहिल्या वर्षी हाताशी एवढे पैसे आले तर ऑफिसच्या भाड्याची काळजी मिटते. पण नोंदणी नसलेल्या प्रकल्पातला प्लॉट विकायला एजंटाने हात लावायचा नाही, असं कायद्यात माझ्यासाठी लिहिलंय. लावला तर दिवसाला १०,००० रुपये दंड, वाढत वाढत मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत, आणि नोंदणी जाते ती वेगळीच. शिवाय हे प्लॉट घेणार कोण? साळुंखे मावशी, शेजारचे गुरुजी, तुमचे पेन्शनर मंडळातले लोक. ते काकांच्या मित्राला ओळखत नाहीत. ते तुमच्याकडं बघून पैसे देणार, ‘मास्तरांच्या शेजारच्या बँकवाल्यांची मुलगी आहे ना त्यात’ म्हणून.

म्हणून रविवारी टोकन देऊ नका. काकांना स्पष्ट नाही म्हणणं तुम्हाला जड जाईल. धाकटा भाऊ, त्यात वडिलांच्या आजारपणात त्यानेच धावपळ केलेली, मला सगळं कळतं. नाही म्हणू नका. सांगा की पोरीने कागद मागितलेत, ते आले की बघू. लेआउट मंजूर झाल्याचा आदेश, महारेराचा नंबर, बोजा फिटल्याचा दाखला, आणि पाचही भोगवटादारांच्या सह्या. हे सगळं आणलं तर मी स्वतः येऊन त्या जागेवर उभी राहीन आणि प्लॉट विकायलाही मदत करीन. काकांचा मित्र वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. कदाचित त्याला कुणी हे सांगितलंच नसेल. पण आधी पैसे आणि मग कागद, हा क्रम मला चालणार नाही. बिल्डरलासुद्धा विक्रीचा करार करून नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांच्या वर रक्कम घेता येत नाही. काका तर चिठ्ठीवर रोख मागतायत.

ते रागावतील. म्हणतील, पुण्याला जाऊन शहाणी झाली, घरच्यांच्या उपयोगाची नाही. त्यांना सांगा, त्यांच्या वरच्या मजल्याला भाडेकरू मी बघून देईन, लीव्ह अँड लायसन्सचा करार ऑनलाइन नोंदवूनही देईन आणि एक रुपया घेणार नाही. भाड्याच्या आणि जुन्या घरांच्या व्यवहाराला रेराची नोंदणी लागतही नाही, त्यामुळं ते मी पूर्वीपासून करतेच आहे. पत्रकावरचं माझं नाव मात्र काढायला हवं. ते मी काकांना आजच फोन करून सांगणार आहे, तुमच्यावर ढकलणार नाही. तुम्हाला हे पत्र मिळेल तोवर त्यांचा रागाचा पहिला भर ओसरलेला असेल अशी आशा.

आई, तुझ्यासाठी दोन गोष्टी. भिशीत माझी कार्डं वाटलीस असं कळलं. वाट, पण जुनी फाडून टाक, त्यावर नंबर नाही. नवी पन्नास या पाकिटात घातली आहेत. आणि कुणी विचारलं की तुझी मुलगी अर्ध्या किमतीत फ्लॅट मिळवून देते का, तर नाही म्हण. मागच्या खेपेला तू ‘बघते, बोलते’ म्हणालीस, आणि त्या बाई मला अजून फोन करतात. एक मात्र खुशाल सांग, घर बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत मिळते. तेवढं ऐकून अर्ध्या भिशीचे नवरे कामाला लागतील.

बाबा, सातबारा वाचून झाला की मला फोन करा. इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीच्या नोंदीखाली आणखी एक फेरफार, म्हणजे हक्कातल्या बदलाच्या नोंदीचा क्रमांक आहे, तो कसला ते मला नीट लागलं नाही. तलाठ्याकडं फेरफाराची नक्कल मागायला तुम्ही गेलात तर बरं होईल. तुमचं तिथं ऐकतात, मला दोन चकरा मारायला लावतील.

बीपीची गोळी रात्रीची आहे, सकाळची नव्हे. आईने डब्यावर लिहून ठेवलंय तेच बरोबर.

तुमची,
ताई