लिंकनहून पत्र : एक ऑक्टोबरच्या आधीचे वीस दिवस

लिंकन, नेब्रास्का
25 सप्टेंबर 2022

तीर्थरूप बाबा आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मागच्या रविवारी फोनवर मी तुम्हाला सांगितले की आमच्या विद्यापीठाने फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट यांना 11 सप्टेंबरला पदावरून दूर केले, आणि हेच 1 ऑक्टोबरला केले असते तर त्यांना द्यावी लागणारी भरपाई दीड कोटी डॉलरवरून पाऊण कोटीवर आली असती. तुम्ही लगेच विचारलेत, "मग वीस दिवस थांबायला काय हरकत होती?" तेवढ्यात आईने फोन घेतला आणि विषय श्राद्धाच्या स्वयंपाकाकडे वळला. पण बाबा, आयुष्यभर मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून माणसांविषयीचे निर्णय घेतलेल्या तुमच्यासारख्याने विचारलेला हा प्रश्न आठवडाभर माझ्या मनातून गेलेला नाही. त्याचे उत्तर फोनवर देण्याजोगे नाही, म्हणून हे पत्र.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते, कारण एका खेळाच्या प्रशिक्षकासाठी एवढा जीव का टाकावा हे तिकडे बसून कळणे अवघड आहे. हा फुटबॉल आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात धरून, अंगावर येणाऱ्यांना चुकवत पुढे न्यायचा हा खेळ आहे. नेब्रास्का हे मका, सोयाबीन आणि गुरांचे राज्य. इथे मोठा व्यावसायिक संघ कोणत्याही खेळाचा नाही, त्यामुळे विद्यापीठाचा संघ हाच साऱ्या राज्याचा संघ आहे. त्याचे नावसुद्धा शेतातून आले आहे : कॉर्नहस्कर्स, म्हणजे मक्याची कणसे सोलणारे. 1962 पासून इथल्या मेमोरियल स्टेडियमवरच्या प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटे विकली गेली आहेत, आणि सामन्याच्या दिवशी ओमाहा आणि लिंकन यांच्यानंतर राज्यातली सर्वांत जास्त माणसे त्या एका मैदानात असतात. आमच्या ज्वारीच्या प्रयोगशेतावर काम करणारे एक वयस्कर तंत्रज्ञ आहेत. त्यांच्या वडिलांनी घेतलेल्या दोन खुर्च्या आता त्यांच्या नावावर आहेत आणि पुढे मुलीच्या नावावर होणार आहेत. आपल्याकडे वारीतली दिंडी जशी घराण्यात चालत येते, तसे ते आहे.

या संघाचे दैवत म्हणजे टॉम ऑस्बर्न. 1973 ते 1997 अशी पंचवीस वर्षे ते प्रशिक्षक होते, 255 सामने जिंकले आणि तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. त्यातले शेवटचे, 1997 चे, विजेतेपद जिंकणाऱ्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे मैदानावरचा सूत्रधार, स्कॉट फ्रॉस्ट होते. वुड रिव्हर नावाच्या लहानशा गावात वाढलेला हा मुलगा. वडील याच विद्यापीठाकडून खेळलेले, आई 1968 च्या ऑलिंपिकमध्ये थाळीफेकीत उतरलेली. 2017 साली फ्लोरिडातल्या दुसऱ्या एका विद्यापीठाच्या संघाला त्यांनी तेराच्या तेरा सामने जिंकून दिले, आणि त्याच संघाने दोनच वर्षांपूर्वी बाराच्या बारा सामने गमावले होते. त्या डिसेंबरात क्रीडा संचालक बिल मूस यांनी त्यांना सात वर्षांसाठी, साडेतीन कोटी डॉलरच्या करारावर, घरी आणले. घरचा मुलगा घरी परतला, अशीच सगळ्यांची भावना होती, आणि माझ्या मते पुढच्या बऱ्याच चुकांचे मूळ त्या भावनेत आहे. परक्या माणसाकडे हिशेब मागणे सोपे असते. घरच्या माणसाकडे तो मागायला जीभ रेटत नाही.

पहिल्या वर्षी 4 विजय आणि 8 पराभव झाले. दुसऱ्या वर्षी, 2019 च्या नोव्हेंबरात, संघ एकूण 8 विजय आणि 13 पराभवांवर असताना विद्यापीठाने त्यांचा करार आणखी दोन वर्षांनी वाढवून 2026 पर्यंत नेला. मी तेव्हा इथे येऊन तीनच महिने झाले होते आणि मला वाटले की आकडे वाचण्यात माझीच काही चूक होते आहे. पुढे कळले की ही इथली रीतच आहे. प्रशिक्षक शाळाशाळांतून मुले निवडून आणतात. करार संपत आलेला दिसला की मुले आणि त्यांचे पालक बिचकतात, म्हणून विद्यापीठे करार आधीच लांबवतात. पण प्रत्येक वाढीव वर्षाबरोबर मुदतीआधी काढायची भरपाईही वाढते. इथे तिला बायआउट म्हणतात. म्हणजे विश्वास दाखवण्यासाठी केलेली सहीच पुढे हात बांधून ठेवते. इथल्या अधिकाऱ्यांना हे नवे नव्हते. 2017 साली आधीचे क्रीडा संचालक शॉन आयकर्स्ट यांना काढले, तेव्हा त्यांनीही आधीच्या प्रशिक्षकांचा करार नुकताच वाढवून ठेवल्याचे उघड झाले होते. दोनच वर्षांत तीच वाट पुन्हा धरली गेली, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

आता खरा मुद्दा, म्हणजे गेल्या वर्षीचा नोव्हेंबर. मूस जाऊन ट्रेव्ह अल्बर्ट्स यांना क्रीडा संचालक होऊन चारच महिने झाले होते. तेही इथलेच जुने नावाजलेले खेळाडू. पण त्याआधी ओमाहाच्या विद्यापीठात याच पदावर असताना त्यांनी 2011 मध्ये तिथला फुटबॉलच बंद केला होता, म्हणजे अवघड निर्णय घेण्याची हिंमत नसलेला हा माणूस नव्हे. 2021 चा तो मोसम अखेर 3 विजय आणि 9 पराभवांवर संपला, आणि नऊही पराभव नऊ किंवा त्याहून कमी गुणांनी झाले. शेवटच्या सामन्यात आयोवाविरुद्ध 21-6 अशी आघाडी घेऊन संघ 28-21 असा हरला. आमचे तंत्रज्ञ दर सोमवारी शेतावर येऊन म्हणत, "थोडक्यात गेला." मलाही कित्येक आठवडे तसेच वाटत होते. पण बाबा, वाणांच्या चाचणीत एखादी ओळ एका हंगामात थोडक्यात मागे पडली तर तो योगायोग असू शकतो. हंगामामागून हंगाम ती थोडक्यातच मागे पडत असेल, तर तोच तिचा गुण असतो. फ्रॉस्ट यांच्या संपूर्ण कारकिर्दीत आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने संपलेले सामने 27 होते. त्यांतले 22 ते हरले.

त्या वेळी त्यांना काढायचे तर सुमारे दोन कोटी डॉलर द्यावे लागले असते. तो मोसम संपायच्या आधीच, 8 नोव्हेंबरला, अल्बर्ट्स यांनी जाहीर केले की फ्रॉस्ट राहतील. मात्र वार्षिक मानधन पन्नास लाखांवरून चाळीस लाख डॉलर होईल, 1 ऑक्टोबर 2022 पासून भरपाई दीड कोटीवरून निम्म्यावर, म्हणजे पंचाहत्तर लाखांवर येईल, आणि आक्रमणाची बाजू सांभाळणारे चार साहाय्यक प्रशिक्षक लगेच जातील. ठरवलेले निकष पूर्ण केले तर कापलेले मानधन परत मिळेल, असेही ठरले. पण ते निकष कोणते, हे तेव्हा लोकांना सांगितले गेले नाही.

माझा सगळा आक्षेप या ठरावावर आहे. राज्याने, वर्तमानपत्रांनी आणि खेळाडूंच्या पालकांनी त्यातली एकच गोष्ट वाचली, ती म्हणजे तारीख. माणसाला ठेवायचे, पण त्याच्या डोक्यावर एक तारीख टांगून ठेवायची. त्याला अजमावायचे, पण मोजपट्टी झाकून ठेवायची. आणि चार हाताखालच्या माणसांना त्याच दिवशी घरी पाठवायचे. याला विश्वास म्हणता येत नाही आणि निर्णयही म्हणता येत नाही. तुमच्या शाळेत गणिताच्या त्या सरांचा प्रश्न आला होता तो आठवतो का? संस्थेच्या लोकांना त्यांना वर्षभर "बघू या" म्हणून टांगते ठेवायचे होते. तुम्ही संध्याकाळी त्यांच्या घरी गेलात, मीही तुमच्या सायकलच्या पुढच्या दांड्यावर बसून आले होते, आणि मार्चपर्यंत काय काय व्हायला हवे ते तुम्ही एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्यात. सर पुढे दुसऱ्या गावी गेले, पण दर दिवाळीला तुम्हाला पत्र पाठवत राहिले. तो कागद मला गेल्या नोव्हेंबरात फार आठवला.

संयमाच्या बाजूनेही बोलायला हवे, कारण इथले जाणते लोक त्याच बाजूने बोलत होते आणि त्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. ते ऑस्बर्न यांचा दाखला देत. ऑस्बर्न पहिली पाच वर्षे ओक्लाहोमाकडून हरत राहिले, आणि पहिले राष्ट्रीय विजेतेपद त्यांना बाविसाव्या वर्षी, 1994 मध्ये मिळाले. तेव्हा त्यांना काढले असते तर? हे खरे आहे. पण त्या पंचवीस वर्षांत एकाही वर्षी त्यांचे विजय नवाच्या खाली गेले नाहीत, हेही तितकेच खरे आहे. चांगल्याचे उत्तम होण्याची वाट पाहणे आणि बिघडलेले आपोआप सुधारेल म्हणून वाट पाहणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलट अधीरपणाही या विद्यापीठाने पाहिला आहे : 2014 मध्ये तेव्हाचे प्रशिक्षक बो पेलिनी यांना त्यांनी काढले, तेव्हा सात मोसमांत प्रत्येक वेळी निदान नऊ सामने त्यांनी जिंकून दिले होते. त्या निर्णयाचा पश्चात्ताप अनेकांच्या मनात होता आणि फ्रॉस्ट यांच्या बाबतीत हात अडखळले, त्यात त्या पश्चात्तापाचाही वाटा असावा, असे मला वाटते.

मग हे वर्ष उजाडले. 27 ऑगस्टला डब्लिनमध्ये नॉर्थवेस्टर्नविरुद्ध 28-17 अशी आघाडी असताना फ्रॉस्ट यांनी चेंडू लांब न मारता मुद्दाम आखूड मारायला लावला, म्हणजे तो पुन्हा आपल्याच हाती लागावा. तो लागला नाही. सामना 31-28 असा गेला. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, 10 सप्टेंबरच्या रात्री, जॉर्जिया सदर्न हा तुलनेने लहान विद्यापीठाचा संघ इथे आला आणि शेवटची 36 सेकंदे उरली असताना गुण घेऊन 45-42 असा जिंकला. आपल्या मैदानावर 35 किंवा अधिक गुण केल्यावर नेब्रास्का त्याआधी 214 वेळा खेळला होता आणि एकदाही हरला नव्हता. समोरच्या संघाचे प्रशिक्षक क्ले हेल्टन यांनाही वर्षभरापूर्वी त्यांच्या आधीच्या विद्यापीठाने असेच मोसमाच्या सुरुवातीला, दुसऱ्या सामन्यानंतर काढले होते. मी मैदानात होते, बाबा. लोक ओरडले नाहीत. पायऱ्या उतरताना कोणी कोणाशी बोलत नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी बातमी आली.

आता तुमच्या प्रश्नाचे उत्तर. इथेही बहुतेक लोक अल्बर्ट्स यांना त्या वाढीव पंचाहत्तर लाख डॉलरबद्दल बोल लावत आहेत; आपल्या हिशेबाने ते साठ कोटी रुपये होतात. क्रीडा विभाग आपला खर्च तिकिटे, प्रक्षेपणाचे हक्क आणि देणग्या यांतून भागवतो, हे मला माहीत आहे. तरीही ती रक्कम मनाला लागतेच, कारण आमच्या विभागात एका यंत्राच्या दुरुस्तीसाठी किती अर्ज लिहावे लागतात ते मी पाहते. पण माझ्या मते या पाच वर्षांतला हा सर्वांत सरळ निर्णय होता. कल्पना करा की त्यांनी मनात ठरवले आहे आणि तारखेची वाट पाहत ते गप्प बसले आहेत. 17 तारखेला ओक्लाहोमाशी सामना होता. त्या दिवशी आपल्याच संघाच्या विजयाने ज्यांची पंचाईत व्हावी अशा जागी ते स्वतः बसले असते, आणि मैदानावरची अठरा-वीस वर्षांची मुले ज्याच्यासाठी अंग मोडून धावली असती, तो माणूस वरच्या मजल्यावर आधीच संपलेला असता. पैसा वाचला असता, पण तो त्या मुलांच्या अंगमेहनतीतून वाचवलेला ठरला असता. तेवढी किंमत मोजून अल्बर्ट्स यांनी हे टाळले, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. त्यांची चूक आधीच्या नोव्हेंबरातली आहे. पंचाहत्तर लाख डॉलर तेव्हाच्या अर्ध्या निर्णयाचे व्याज आहेत.

या निर्णयाने संघ सुधारला, असे मी म्हणणार नाही. हंगामी प्रशिक्षक म्हणून मिकी जोसेफ यांना नेमले आहे. तेही इथले जुने क्वार्टरबॅक, आणि या संघाचे पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. आठवड्याच्या आत त्यांच्या संघाला ओक्लाहोमाने 49-14 असे हरवले, आणि दुसऱ्याच दिवशी बचावाचे प्रमुख एरिक चिनँडर यांनाही जावे लागले. आता नवा कायमचा प्रशिक्षक शोधायचा आहे, आणि कुलगुरू रॉनी ग्रीन यांच्या कार्यालयापासून गावातल्या न्हाव्याच्या दुकानापर्यंत सगळीकडे नावे चालली आहेत. नाव कोणाचेही येवो, मला करार वाचायची उत्सुकता आहे : किती वर्षे, किती भरपाई, आणि या वेळी मोजपट्टी उघडी ठेवतात की नाही.

फ्रॉस्ट यांच्याबद्दल इथे आता फार कठोर बोलले जाते. मला ते ऐकवत नाही. ज्या मैदानावर माणूस 22 व्या वर्षी देव झाला, तिथेच 47 व्या वर्षी त्याला मान खाली घालून बाहेर पडावे लागले. पैसा मिळाला म्हणून ते दुःख कमी होत असेल, असे मला वाटत नाही. आमच्या तंत्रज्ञांनी त्या सोमवारी सामन्याचा विषयच काढला नाही. कणसांवर पिशव्या चढवताना बऱ्याच वेळाने ते एवढेच म्हणाले की, वुड रिव्हरला त्यांच्या ओळखीचे लोक राहतात आणि तिकडे आता कोणत्या तोंडाने जावे ते त्यांना कळत नाही.

येत्या शनिवारी इंडियानाशी सामना आहे. तारीख नेमकी 1 ऑक्टोबर. तंत्रज्ञांची मुलगी त्या दिवशी गावाला जाणार असल्यामुळे तिची खुर्ची त्यांनी मला देऊ केली आहे, आणि मी जाणार आहे. उद्या घटस्थापना, इथल्या शेतातली माती आणि आपल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीचे मूठभर दाणे मी काढून ठेवले आहेत. आईने माळ किती दिवसांची आणि कोणत्या फुलांची चालेल ते कळवावे. आणि बाबा, संस्थेच्या बैठकीत त्या कागदासाठी तुम्हाला काय काय ऐकून घ्यावे लागले होते, ते तुम्ही मला कधीच सांगितले नाही. या वेळी सविस्तर लिहा.

तुमची,
धाकटी