प्रमाणरेषा कापू नका

संपादक महोदय,

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या, म्हणजे विज्ञान दिनाच्या सुमारास वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत पेशींची रंगीत चित्रे झळकतात. काळ्या पार्श्वभूमीवर हिरव्या-केशरी धाग्यांचे जाळे आणि खाली ‘पेशीच्या अंतरंगाचे छायाचित्र’ अशी ओळ. ही चित्रे छापली जातात याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. तक्रार एकच आहे. पानात बसवताना चित्राच्या कोपऱ्यातली बारीक पांढरी आडवी रेघ बऱ्याचदा कापली जाते. ती रेघ म्हणजे प्रमाणरेषा: चित्रातली तेवढी लांबी प्रत्यक्षात किती, हे सांगणारी. ती गेली की समोरचा धागा केसाएवढा जाड आहे की केसाच्या तीन हजाराव्या भागाएवढा, हे वाचकाला कळायला मार्गच उरत नाही. आणि या चित्रांत तर आकार हाच मुद्दा असतो.

प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाने साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत, हे अर्न्स्ट आबे यांनी १८७३ साली मांडले. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) ही मर्यादा ओलांडणाऱ्या कामाला २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, एरिक बेट्झिग, श्टेफान हेल आणि विल्यम मोर्नर हे त्याचे मानकरी. हेल यांची पद्धत वेगळी आहे. तिच्यात लेझरच्या ठिपक्याची कड दुसऱ्या लेझरने विझवतात. आम्ही इथे लिहितो आहोत ते एकेक रेणू टिपण्याच्या पद्धतीबद्दल.

तिच्यात पेशीला जोडलेले रंगद्रव्याचे रेणू सगळे एकदम चमकू देत नाहीत. एका वेळी मोजकेच लुकलुकतात. कॅमेरा १० ते २० मिलिसेकंदांची एकेक फ्रेम घेत राहतो, अशा वीस-तीस हजार फ्रेम होतात. प्रत्येक रेणूचा ठिपका दिसतो २५० नॅनोमीटर रुंद आणि धूसर, पण त्याचा मध्य कुठे आहे हे संगणक फार अचूक काढतो. रेणूकडून चौपट फोटॉन (प्रकाशाचे कण) मिळाले तर मध्याची चूक निम्मी होते. शेवटी हाती येतो तो लाखो ओळींचा तक्ता, ठिपक्यांच्या जागांचा. त्यावरून संगणक जे रेखाटतो ते तुमच्या पानावर येते. म्हणून ‘छायाचित्र’ हा शब्द इथे बसत नाही, मोजणीतून काढलेला नकाशा म्हणणे जास्त खरे. रंगही आपण दिलेले. कॅमेरा कृष्णधवल असतो आणि सर्वाधिक वापरले जाणारे रंगद्रव्य डोळ्याला जेमतेम जाणवेल असा गडद लाल प्रकाश देते.

मोजणी म्हटली की चुका आल्या, आणि त्या कुठे होतात हे माहीत असलेले बरे. पेशीतल्या सूक्ष्मनलिका (प्रथिनांच्या बारीक पोकळ नळ्या, चित्रातले धागे बऱ्याचदा याच) थंडीने विरघळतात, त्यामुळे फिक्स करण्याचे, म्हणजे पेशी आहे तशी टिकवण्याचे, द्रावण ३७ अंशांवरच ओतावे लागते. आम्ही ३ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड आणि ०.१ टक्का ग्लुटरल्डिहाइड दहा मिनिटे ठेवतो. ग्लुटरल्डिहाइडमुळे पेशी स्वतःच चमकू लागते, ती चमक मारायला ताजे ०.१ टक्का सोडियम बोरोहायड्राइड सात मिनिटे. शिळे वापरले की चमक तशीच राहते आणि एकेका रेणूचा ठिपका तिच्यात बुडतो. लुकलुकण्यासाठी लागणारा बफर (पेशी ज्यात बुडवून ठेवतात ते द्रावण) आयत्या वेळी करायचा: पीएच (आम्लतेचे माप) ८, १० टक्के ग्लुकोज, ऑक्सिजन खाणारी एन्झाइम्स आणि एक थायोल (गंधकयुक्त रसायन). तास-दोन तासांत ग्लुकोजचे आम्ल साचून पीएच उतरतो आणि लुकलुकणे बिघडते. कव्हरस्लिप, म्हणजे सॅम्पलची पातळ काच, ०.१७ मिलिमीटरचीच हवी. भिंग आणि काच यांच्यामधल्या तेलात बुडबुडा राहिला तर ठिपका वेडावाकडा होतो आणि मध्य चुकीचा निघतो.

सगळ्यात छळणारी गोष्ट म्हणजे सॅम्पलचे सरकणे. हिशेब साधा आहे: अॅल्युमिनियमची १० सेंटिमीटरची पट्टी एका अंशाने तापली की सुमारे २,३०० नॅनोमीटर वाढते. आपल्याला अचूकता हवी असते वीसेक नॅनोमीटरची. खोलीतला एसी चालू-बंद होतो तेव्हा सरकण्याच्या आलेखावर त्याच्या लाटा स्पष्ट उमटतात. म्हणून यंत्र दोन-तीन तास आधी चालू करून ठेवतात आणि काचेवर सोन्याचे सूक्ष्म कण चिकटवतात. ते जागचे हलत नाहीत, तेव्हा ते सरकलेले दिसले तर सगळे सॅम्पल सरकले असे धरून तेवढे वजा करायचे.

यातूनही सुटतात त्या चुका चित्रात शिरून खऱ्यासारख्या दिसतात. बहुतेक रेणूंना विझलेले ठेवणारा लेझर कमी पडला तर शेजारचे दोन रेणू एकाच वेळी चमकतात आणि संगणक दोघांच्या मधोमध ठिपका ठेवतो, जिथे काहीच नाही. एकच रेणू वारंवार लुकलुकला तर तिथे प्रथिनांचा घोळका असल्याचा भास होतो. रंगद्रव्य विरळ बसले तर सलग धागा तुटक दिसतो. सूक्ष्मनलिकेची खरी जाडी २५ नॅनोमीटर. पण तिच्यावर अँटीबॉडीचे (रंगद्रव्य नलिकेला जोडणाऱ्या प्रथिनांचे) दोन थर चढवले की ती पन्नास-साठची दिसते. हे वाचकाला सांगितले नाही तर ‘नलिका फुगली’ असा अर्थ तो काढेल, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

प्रमाणरेषा असेल तर निदान ही शेवटची गोष्ट जाणकार वाचकाला पानावरच मोजता येते. शाळेतल्या मुलालाही पट्टी लावून धाग्याची जाडी काढता येईल, आणि मुले हे आवडीने करतात.

म्हणून विनंती अशी. चित्र पानात बसवताना कोपरा कापावाच लागला, तर रेघ आतल्या बाजूला सरकवून घ्या. रेघेची लांबी चित्राच्या मापाबरोबरच लहानमोठी करा, वेगळी ताणू नका. चित्राखाली ‘रेघ = १ मायक्रॉन’ (म्हणजे १,००० नॅनोमीटर) असे शब्दांत लिहा आणि रंग संगणकाने दिलेले आहेत एवढे जोडा. ही ओळ आणि रेघ असलेली मूळ फाइल प्रयोगशाळेकडे मागितली तर ती बहुतेक त्याच दिवशी मिळते.

आपले,
सूक्ष्मदर्शक कक्षातील काही तंत्रज्ञ, पुणे