आई-बाबा, दोन वर्षं वाढवलीयेत

प्रिय आई, बाबा,

फोनवर आई रडायला लागली की मी काहीतरी भलतंच बोलून बसते, म्हणून लिहितेय. दादाला वाचून दाखवायला सांगा, चष्मा शोधत बसू नका.

तर, मी इथलं, चीनमधल्या कुनमिंगचं काम दोन वर्षांनी वाढवलंय. सोमवारी सही करून टाकली. आधी विचारायला हवं होतं, कबूल, पण विचारलं असतं तर बाबा 'तुझं तू बघ' म्हणाले असते आणि मी रात्रभर त्या तीन शब्दांचा अर्थ लावत बसले असते. गणपतीला येणं जमणार नाही. दिवाळीनंतर पंधरा दिवस येते, नक्की. मागच्या वेळी पण 'नक्की' म्हटलेलं, माहितीये मला.

बाबा, तुम्ही विचारलंत ना, चिनी जडीबुटीत एवढं काय ठेवलंय. तुम्ही चेकपोस्टवर अडवलेला तो ट्रक आठवतोय? वर नाचणीची पोती, खाली ताडपत्रीत नरक्या झाडाचं चोरलेलं लाकूड. तुम्ही पहाटे घरी आलात तर युनिफॉर्मला तो घाण वास, आईने कपडे दारातच काढायला लावलेले आणि मी नाक धरून उड्या मारत होते. जळणाला पण कोणी नेत नाही ते लाकूड चोरतं कोण, असं सगळं गाव म्हणायचं. त्यात कॅम्प्टोथेसिन असतं, कॅन्सरवरच्या औषधांचा कच्चा माल. पण ते पहिल्यांदा नरक्यात सापडलंच नाही, 1966 मध्ये अमेरिकेत एका चिनी झाडातून काढलं. झाडाचं नाव शी-शू. हो आई, अगदी तेच, मी पहिल्या मीटिंगमध्ये फुटले आणि कोणाला सांगता येईना का हसतेय. अर्थ मात्र आनंदाचं झाड. फळं म्हणजे इवल्या इवल्या केळ्यांचा गोल घोस, रस्त्याकडेला सुद्धा लावतात. आपण नरक्या म्हणायचं, यांनी आनंद म्हणायचं, आणि आत रसायन एकच. आणि ज्या दोघांनी ते शोधलं त्यातले एक मनसुख वाणी, आपल्या नंदुरबारचे! काकाला हे आवर्जून सांगा, आणि 2015 चं नोबेल तू यूयू बाईंना चिनी जुन्या पोथीतल्या वनस्पतीवरून काढलेल्या मलेरियाच्या औषधासाठीच मिळालं हेही सांगा, म्हणजे तो 'कसलं सायन्स' म्हणायचा थांबेल.

सुरुवातीला कॅम्प्टोथेसिन माणसांवर देऊन पाहिलं तेव्हा फार त्रास झाला लोकांना, 1970 च्या दशकात ते बंदच पडलेलं. मग त्या रेणूत बदल करून इरिनोटेकन हे कॅन्सरचं औषध आलं. आत्याच्या सलाईनमधून जायचं ना, तेच. तेव्हा मला माहीत नव्हतं. आता झाडाच्या कोवळ्या पानांवर काम करताना कधीकधी हात थांबतो. असो.

आमचं काम एवढंच, की झाड हे रसायन बनवतं कसं, कुठल्या जीनने कुठली पायरी होते, ते शोधायचं. ते कळलं तर उद्या यीस्टमध्ये बनवता येईल, झाडं तोडायला नकोत. तुम्ही चेकपोस्टवर ट्रक अडवायचात, मी तो निघूच नये म्हणून बघतेय. हे सगळं मी सही केल्याचं जस्टिफिकेशन आहे हे तुम्हाला कळतंच.

आई, माझी काळजी करू नकोस. कुनमिंग साधारण 1900 मीटरवर आहे, हवा महाबळेश्वरसारखी, पंखा लागत नाही. रूमवर राइस कुकर आहे, वरण-भात रोज होतो. इथे शेळीच्या दुधाचं रुबिंग म्हणून पनीरच मिळतं, तव्यावर परतलं की झालं. मसाला वेलचीची बहीण शोभेल अशी एक वेलची पण मिळते. कोकमं संपत आलीत फक्त. ताप आला तेव्हा मात्र तू कपाळावर ठेवायचीस तसा थंड हात हवा होता, म्हणून सांगितलं नव्हतं तेव्हा.

आता ओरडणार आहे, दादा, थांबू नकोस, वाच. आई, गुडघ्यासाठी बाजारातल्या त्या माणसाकडून आणतेस ती काळी पुडी आजपासून बंद. झाडपाल्याचं आहे म्हणजे अपाय नाही, असं नसतं गं. 1990 च्या सुमाराला बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांत फांगजी नावाची चिनी मुळी घालायची होती, तिच्या जागी नावाने जवळची दुसरीच ग्वांग फांगजी गेली आणि शंभराहून जास्त बायकांच्या किडन्या बिघडल्या. त्यात अ‍ॅरिस्टोलोकिक अ‍ॅसिड असतं. आपली ईश्वरी, किडामार त्याच घराण्यातली. तुझ्या पुडीत ते असेलच असं मी म्हणत नाहीये, पण त्यात काय आहे हे त्या माणसाला तरी माहितीये का? तुझं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चाललीये ते सांगणारा रक्तातला आकडा, आधीच काठावर आहे. या आठवड्यात टेस्ट, रिपोर्टचा फोटो मला, दादाला नाही, तो 'नॉर्मल आहे' एवढंच सांगतो. बाबा, तुम्ही बीपीची गोळी रोज घ्या, एक दिवसाआड नाही, आणि छपरावर चढायचं नाही, कौलं फिरवायला माणूस बोलवा, पैसे पाठवलेत.

रागावलीस ना? गुडघा दुखतो तेव्हा कोणीतरी काहीतरी देतं आणि बरं वाटतं, ते कळतं मला. मी तिथे असते तर रोज रात्री तेल लावून दिलं असतं. पाठवलेला शेकायचा पट्टा खोक्यातून बाहेर तरी काढ.

पुडी फेकू नकोस पण. डब्यात बंद करून ठेव, मी आले की बघते काय आहे ते.

तुमची,
चिमी