मंत्रीसाहेब, मेळाव्याच्या आधी एक कागद पाठवा

मा. कौशल्य विकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना नमस्कार.

साहेब, माझं तालुक्याला झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे. रोजगार मेळावा जाहीर झाला की आदल्या रात्री पोरांची लाईन लागते, दादा एक बायोडाटा मारून द्या. कुठल्या कंपनीसाठी रे, तर म्हणे माहीत नाही, येतील त्या. मग काय, जुनी फाईल उघडायची, नाव बदलायचं, छंद क्रिकेट आणि वाचन, प्रिंट. अख्ख्या तालुक्याचे छंद मीच टाकलेत. एकाच्या बायोडाट्यात तर लग्नाच्या फाईलमधली रास तशीच राहिली, कन्या, पण मुलाखतीत कोणाच्या लक्षात पण आलं नाही कारण कागद कोणी वाचलाच नाही, डायरेक्ट विचारलं ड्रॉइंग वाचता येतं का.

आमच्या गल्लीतला पोरगा आयटीआय फिटर, दोन वर्षं काढून पास झालेला. मेळाव्यात टेबलामागच्या साहेबांनी व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, हातात दिला, म्हणाले या पिनचं माप सांग. लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, 0.02 एमएम हे याला झोपेत पण येतं, पेपरात लिहून मार्क घेतलेत, पण हाताला सवयच नाही, प्रॅक्टिकलला आठ-दहा जणांत एक व्हर्निअर फिरायचा. घाम फुटला, दोनदा वेगळं माप सांगितलं, झालं, नेक्स्ट. अहो आठ दिवस आधी कळलं असतं ना, तर बसस्टँडमागच्या लेथवाल्याकडे रोज संध्याकाळी बसून हात बसवला असता त्याने!

दुसरा एक सिलेक्ट झाला, पेढे वाटले, चाकणला गेला आणि तिथे कळलं की पेरोल कंपनीचा नाही, ठेकेदाराचा. रूमभाडं, मेस कापून हातात काय उरणार ते आधी कोणी बोललंच नव्हतं.

तुमची ती 2024 ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, ऑफिसात काम शिकताना महिन्याला बारावीला 6, आयटीआय-डिप्लोमाला 8, पदवीधराला 10 हजार, तिचे फॉर्म पण मीच भरलेत आणि पोरांना आधार झाला हे खोटं नाही. पण सहा महिने ऑफिसात एक्सेल बडवून आलेली पोरगी मलाच विचारते की अनुभवात काय लिहू. ज्या साहेबांच्या हाताखाली होती त्यांनी दहा मिनिटं दिली असती तर काय बिघडलं असतं. मी आपला झेरॉक्सवाला, मी काय सांगणार.

मेळाव्याच्या बॅनरवर फोटो एवढे असतात की कंपन्यांची नावं खाली बारीक टाईपात जातात. फोटो राहू द्या, आमचं काही म्हणणं नाही. फक्त आठ दिवस आधी प्रत्येक कंपनीकडून एक पान घ्या, मराठीत. टेस्ट कसली, मशीन कुठलं, कागद कुठले, शिफ्ट कशी, पेरोल कोणाचा, हातात पगार किती. कंपनीला हे लिहायला अर्धा तास पण लागणार नाही.

ते पान माझ्या दुकानावर चिकटवतो, आणि ज्याला पाहिजे त्याला झेरॉक्स फुकट.

आपला,
एक झेरॉक्सवाला