मंत्रिमहोदय, पाणी नसेल तर इमारतींना परवानगी देऊ नका

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार.

आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते. विधानसभेच्या प्रचारात आमच्या वस्तीतल्या सभेत व्यासपीठावरून शब्द दिला गेला होता की पुढच्या दिवाळीच्या आत घरोघरी रोज पाणी येईल. ती दिवाळी गेली, होळीही गेली. पाणी अजून एक दिवसाआड, पाऊण तास, तेही चावीवाला, म्हणजे जलवाहिनीची चावी फिरवून पाणी सोडणारा पालिकेचा माणूस, वेळेवर आला तर. आणि मागच्या आठवड्यात माझ्या सासूबाई जिन्यात पडल्या. गच्चीवरची टाकी कोरडी होती, लिफ्ट बंद होती, खाली टँकरच्या पाइपातून भरलेली कळशी घेऊन त्या तिसऱ्या मजल्यावर चढत होत्या. मनगट मोडलं. वय बहात्तर. प्लास्टर घालून घरी आणलं, तर बसता बसता त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आता पाणी कोण चढवणार?"

उपनगराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दहिसरच्या पलीकडे, घोडबंदरला, दिव्याला, कुठेही राहणारी बाई हेच पत्र लिहील.

आम्ही इथले मूळचे नाही. सासरे गिरणीत होते. 1982चा संप झाला, गिरणी पुन्हा नीट सुरू झालीच नाही, आणि काही वर्षांनी लालबागची दहा बाय बाराची खोली विकून कुटुंब रेल्वेच्या पार शेवटच्या टोकाला आलं. आमच्यासारखी लाखो माणसं आली. जनगणनेतच बघा. 2001 ते 2011 या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 33 लाखांवरून 31 लाखांवर उतरली आणि तेव्हाचा ठाणे जिल्हा 81 लाखांवरून 1 कोटी 10 लाखांवर गेला. देशातला सगळ्यात जास्त लोकसंख्येचा जिल्हा! नोकऱ्या राहिल्या दक्षिण मुंबईत आणि अंधेरी, वांद्रे-कुर्ला संकुलात, माणसं ढकलली गेली खाडीपलीकडे. त्यानंतर 2021ची जनगणना झालीच नाही, आता 2027मध्ये होणार. म्हणजे आज इथे नेमकी किती तोंडं पाणी पितात हे सरकारलाच ठाऊक नाही, आणि तरी आराखडे मंजूर होताहेत.

लालबागच्या चाळीत पहाटे चारला पाणी यायचं. सासूबाई सांगतात, नळावर भांडणं व्हायची, पण पाणी यायचं. तिथून निघालो तेव्हा वाटलं होतं, स्वतःच्या घरात स्वतःचा नळ असेल. नळ आहे. आमच्या फ्लॅटमध्ये मोजून पाच आहेत. बिल्डरनं दाखवलेल्या माहितीपत्रकात चोवीस तास पाणी होतं. ताबा घेताना कागदांच्या गठ्ठ्यात एक हमीपत्र सही करून घेतलं, त्याचा अर्थ असा की पालिकेचं पाणी मिळेपर्यंत आम्ही तक्रार करणार नाही. घरकर्ज सुरू झालं होतं, भाड्याचं घर सोडलं होतं, सही न करून जाणार कुठे?

तेव्हापासून आमच्या सोसायटीचा महिना टँकरवर चालतो. दहा हजार लिटरचा म्हणून सांगतात, आत किती असतं हे मोजायला कुणाकडे मीटर नाही. रात्री दोनला वॉचमन बेल वाजवतो, सेक्रेटरी खाली उतरतो, ड्रायव्हर पाइप टाकीत सोडतो आणि इंजिन चालूच ठेवतो. ते पाणी कुठल्या विहिरीचं, कुठल्या बोअरचं, विचारायची सोय नाही. पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. माझ्या मुलीच्या अंगावर पुरळ उठलं तेव्हा डॉक्टरांनीही पहिल्यांदा पाण्याबद्दलच विचारलं. मेंटेनन्समधला अर्ध्याहून जास्त पैसा टँकरवाल्याला जातो, आणि पाणीपट्टी वेगळी. शहरी माणसाला दिवसाला 135 लिटर हा तुमचाच निकष आहे ना? मग आम्ही ज्या दिवशी चार बादल्यांत घर चालवतो, त्या दिवशी आम्ही शहरी नसतो का?

एप्रिल 2025मध्ये भूजलाच्या नियमांवरून मुंबईच्या टँकरवाल्यांनी संप केला, तेव्हा चार-पाच दिवसांत पालिकेला आपत्ती व्यवस्थापन कायदा लागू करावा लागला. टँकर बंद पडला की आपत्ती येते, एवढं सरकारला मान्य आहे. मग रोज टँकरवर जगणं ही आपत्ती नाही का?

आता कुणी म्हणेल, पाणीच कमी आहे. मी ऐकून घेणार नाही. मुंबईला सात तलावांतून रोज साडेतीन हजार दशलक्ष लिटरच्या वर पाणी मिळतं, आणि त्यातलं एक चतुर्थांशाहून जास्त गळतीत आणि चोरीत जातं असं अधिकारीच सांगत आले आहेत. जवळपास निम्मं पाणी एकट्या भातसाचं. भातसा कुठे आहे? शहापूर तालुक्यात. तानसाही तिथेच. आणि दर उन्हाळ्यात शहापूरच्याच पाड्यांना टँकर लागतो. माझी मैत्रीण तिथली आहे, तिच्या आईच्या घरावरून मुंबईकडे येणारी जलवाहिनी दिसते आणि आई डोंगर उतरून झऱ्यावर जाते. शहापूरसाठी भावली धरणातून पाणी आणायची योजना वर्षानुवर्षं रेंगाळते आहे. सूर्या धरणाचंही तेच. ते बांधलं पालघर-डहाणूच्या शेतीसाठी, पाणी आता शहरांकडे वळवलं जातंय, तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांनी विरोध केला तर त्यांना विकासाच्या आड येणारे ठरवलं गेलं. मला त्यांच्या तोंडचं पाणी नको आहे. मला ते घ्यायला लावू नका.

मूळ दुखणं वेगळं आहे आणि ते तुमच्या खात्यात आहे. इमारतीला परवानगी देताना अग्निशमनाचा दाखला लागतो, पर्यावरणाचा लागतो, पार्किंग किती ते मोजतात, जादा बांधकामाचं शुल्क, म्हणजे प्रीमियम, तर आधी भरून घेतात. पाणी आहे का, हे मात्र गृहीत धरतात. 2017मध्ये घोडबंदर रोडच्या नव्या बांधकामांना पाण्यावरून उच्च न्यायालयाला थांबवावं लागलं होतं. न्यायालयानं सांगेपर्यंत कुणाला दिसलं नाही का? चटईक्षेत्र, म्हणजे त्याच जमिनीवर किती बांधायचं ती मर्यादा, वाढवून दिलं की तिजोरीत पैसा येतो, तीस मजले उभे राहतात, आणि खालची जलवाहिनी तीच राहते, जेव्हा तिथे भाताची खाचरं होती तेव्हाची.

विचारायचं तरी कुणाला? 1992च्या 74व्या घटनादुरुस्तीनं पाणीपुरवठा नगरपालिकांचं काम म्हणून लिहून ठेवलं. प्रत्यक्षात आराखडा मंत्रालयात, मोठी जलवाहिनी महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, धरण जलसंपदा खात्याकडे, आणि शिव्या खायला चावीवाला. मुंबई-ठाण्याच्या पालिकांची मुदत मार्च 2022मध्ये संपली, त्यानंतर साडेतीन वर्षांहून जास्त काळ तिथे नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. काही पालिका तर 2020पासूनच प्रशासकाच्या हाती होत्या. त्या काळात परवानग्या मात्र एक दिवसही थांबल्या नाहीत. आणि आता म्हणे 2030पर्यंत मुंबई महानगर प्रदेशाची अर्थव्यवस्था 300 अब्ज डॉलरची करायची आहे. करा. पण त्या 300 अब्जांत माझ्या घराचा एक हंडा कुठल्या रकान्यात आहे, ते एकदा दाखवा. 2016मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, 2019मध्ये चेन्नईला तसंच झालं. आम्हाला कुठल्या गाडीनं पाठवणार आहात?

मागणी अशी. जिथे पाइपातून पाणी पोहोचत नाही तिथल्या एकाही नव्या इमारतीला बांधकामाची परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला जायचा दाखला, देऊ नका, आणि ते हमीपत्र बेकायदा ठरवा. कुठल्या प्रभागाला रोज किती पाणी सोडलं हे रोजच्या रोज जाहीर करा. टँकरना मीटर बसवा, दर ठरवा. आणि भातसाचं पाणी शहापूरच्या पाड्यांना आधी द्या. आम्ही एक दिवस आणखी थांबू.

उत्तर लेखी पाठवा, सही आणि तारखेसह. सभेतला शब्द यापुढे आम्ही धरणार नाही. आणि आमच्या उपनगरात येणार असाल तर सकाळी पाण्याच्या वेळी या, उद्घाटनाच्या वेळी नको.

आपली,
उपनगरातली एक करदाती गृहिणी