आईस पत्र: दाढ काढायच्या आधी

बर्गन, नॉर्वे
7 डिसेंबर

ती. सौ. आईस आणि ती. बाबांस साष्टांग नमस्कार.

मी इकडे खुशाल आहे. पाऊस देवगडासारखाच, फक्त आपल्याकडे तो चार महिन्यांत आवरतं घेतो, इथल्या पावसाला आवरतं घेणं ठाऊक नाही. दुपारी साडेतीनला दिवे लावावे लागतात. बाबा, कलमांना मोहोर कितपत आलाय ते कळवा.

आई, हे पत्र खरं तर तुझ्यासाठी आहे. त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही जेवत होतात. कुर्ल्या होत्या. तू डेंगा उचललास, तोंडापर्यंत नेलास, थांबलीस आणि उठून पाट्यावर ठेवून वरवंट्याने फोडलास. लहानपणापासून मी तुला डेंगे दाढेखाली फोडतानाच बघितलंय. कट्ट आवाज यायचा आणि आतलं मांस अख्खं माझ्या ताटात. विचारलं तर म्हणालीस, "खालची दाढ हलता. वय झाला, दात हलतले नाय तर काय?" वर पुढच्या महिन्यात काढूनच टाकणार, हेही सांगितलंस. फोनवर बोललो असतो तर भांडण झालं असतं, म्हणून लिहितोय. चष्मा सापडत नसेल तर बाबांकडून वाचून घे.

तुझी दाढ किडलेली नाही, हे तूच मागे सांगितलं होतंस. मग ती हलते का? तळाशीलच्या किनाऱ्यावरचे माड आठव. माडाला काही झालेलं नसतं, खोड ठणठणीत, नारळसुद्धा लागलेले. पण समुद्र मुळाखालची वाळू खात जातो आणि एक दिवस माड कलतो. दाताचं तसंच. दात ज्या हाडात रोवलेला असतो ते हाडच खालून झिजत जातं. वयाबरोबर हा हिरड्यांचा आजार जास्त दिसतो हे खरं, पण वय हे त्याचं कारण नव्हे. आणि मोठी लबाडी अशी की बहुतेक वेळा तो दुखत नाही. किडलेला दात रात्री झोपू देत नाही, म्हणून माणूस डॉक्टरकडे धावतो. हिरड्यांचं दुखणं वर्षानुवर्षं मुकाट चालतं.

मला हे सगळं कसं कळलं, तर स्वतःच्याच तोंडामुळे. बाबा, पुढची दोन वाक्यं जरा भरभर वाचा. मी जहाजावर असताना सिगरेट ओढायचो, दिवसाला आठ-दहा. गेल्या वर्षी सोडली आणि महिन्याभरात ब्रश करताना रक्त यायला लागलं. मला वाटलं, चांगलं काम केल्याची ही शिक्षा! खरा प्रकार उलटा होता. सिगरेटमुळे हिरड्यांकडे रक्त कमी येतं, त्यामुळे आत सूज असली तरी बाहेर रक्त दिसत नाही. धूर थांबला आणि झाकलेलं उघडं पडलं.

इथे दात साफ करणारी बाई डॉक्टरहून वेगळी असते. तिने आरशाबरोबर एक बारीक सळई घेतली. सळईवर मिलिमीटरच्या खुणा. ती दात आणि हिरडी यांच्या फटीत अलगद घालते आणि किती आत गेली ते मोठ्याने सांगते, दुसरी बाई लिहून घेते. नॉर्वेच्या भाषेत दोनला 'तू' म्हणतात आणि तीनला 'त्रे'. ती आपली "तू, त्रे, तू, तू, त्रे" करत होती. ही बया मला अरेतुरे का करते, असं क्षणभर वाटलंच. एका दाताभोवती 6 ठिकाणी मोजतात. माझे 28 दात, म्हणजे 168 आकडे. 3 मिलिमीटरपर्यंत ठीक, 4 पासून पुढे फटीचा खिसा झालाय असं समजायचं. पुढच्या दातांना सगळं तू-त्रे. मागच्या दाढांशी ती आली आणि सूर बदलला. पाच. सहा. एका ठिकाणी सात. मग एक्स-रे काढून हाड कुठवर उतरलंय ते मला दाखवलं. या आजाराच्या चार पायऱ्या धरतात. मी तिसरीवर होतो. मला एकाही दाढेला ठणका नव्हता, हे लक्षात घे.

या खिशाची सुरुवात कशाने होते, तर दातांवर रोज बसणाऱ्या चिकट थराने. तो जंतूंचाच थर. रोज नीट निघाला तर काही नाही. राहिला तर लाळेतला चुना धरून काही दिवसांत दगड होतो. खडपावर कालवां बसतात ना, तसा. कालवां काढायला तू कोयती नेतेस, हाताने चोळून ती निघत नाहीत. दाताच्या दगडाचंही तेच, तो ब्रशने निघत नाही. त्यावर नवा थर आणखी घट्ट बसतो, हिरडी सुजते, लाल होते, रक्त येतं. इथपर्यंत सगळं परतवता येतं. लोए नावाच्या, जन्माने नॉर्वेच्याच दंतवैद्याने 1965 साली डेन्मार्कमध्ये 12 निरोगी माणसांना दात घासणंच बंद करायला लावलं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठ-दहा दिवसांत उतरल्या. पण सूज तशीच राहिली आणि हिरडी दातापासून सुटून खिसा झाला की जंतू खाली उतरतात, आणि त्यांच्याशी झुंजताना आपलं शरीर आपलंच हाड गमावून बसतं. ते गेलेलं हाड सहसा परत येत नाही.

तू म्हणशील, "माझ्या आवशीन बुरुस कधी बघल्यान नाय, तरी म्हातारपणी चणे फोडी." खरं आहे, आजीचे दात मी पाहिलेत. याच लोएने श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यावरचे 480 पुरुष कामगार वर्षानुवर्षं तपासले. कोणी ब्रश करत नव्हतं, दगड सगळ्यांच्याच दातांवर. तरीही साधारण 11 टक्क्यांचं हाड शाबूत राहिलं, 81 टक्क्यांचं हळूहळू झिजलं आणि 8 टक्क्यांचे दात चाळिशीच्या आसपासच जायला लागले. अंगातच काही असतं, आईबापांकडूनही येतं. आजी त्या अकरांतली असणार. तू आणि मी नाही, एवढं आता दिसतंय.

आता मशेरी. चिडू नकोस. तव्यावर तंबाखू भाजल्याचा तो खमंग, नाकात झोंबणारा वास मला आजही मागीलदारची आठवण करून देतो, त्यात तुझी काय चूक? तुला ती तुझ्या सासूने लावली, दात घट्ट होतात म्हणून. पण आई, ती भाजलेली असली तरी तंबाखूच. सकाळी एकदा दात घासायला म्हणून सुरू झालेली तू आता दिवसातून चार वेळा बोट फिरवतेस, ते दातांसाठी नव्हे, तलफेसाठी. त्याने हिरडी खाली सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं, आणि तोंडाच्या कॅन्सरची भीती वेगळीच. इथली तरुण पोरं 'स्नूस' म्हणून तंबाखूची पुडी ओठाखाली दाबून बसतात. जिथे पुडी, नेमकी तिथली हिरडी खाली गेलेली. शिकलेल्यांची मशेरी, दुसरं काय. एकदम सुटणार नाही हे मला सिगरेटवरून माहीत आहे. आधी चाराच्या दोन वेळा कर.

बाबा, तुम्हीही सुटलेला नाहीत. साखर जास्त राहिली की हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्या सुजलेल्या राहिल्या की साखर आटोक्यात यायला त्रास देते. दोन्हीकडून आवळतं. तुमची तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) मागे 8 च्या वर आली होती, सातच्या वर गेली की दंतवैद्य हिरड्यांच्या बाबतीत जास्त सावध होतात. दुसरं, प्रेशरच्या गोळीच्या पाकिटावर अम्लोडिपिन लिहिलंय का बघा. काहींच्या हिरड्या त्या गोळीने वाढतात, दातांवर चढतात. गोळी मनाने बंद करायची नाही. डॉक्टरला फक्त दाखवायचं.

तर दाढ काढायची की नाही, हे मी इथून सांगू शकत नाही. हाड फारच गेलं असेल तर काढावीच लागेल. पण मागच्या खेपेला एका ठिकाणी डॉक्टरबाईंनी तुझ्या तोंडात डोकावून दोन मिनिटांत दाढ उपटून दिली, ना एक्स-रे, ना मोजणी. तसं या वेळी नको. कणकवलीला जाल तेव्हा हिरड्यांचा वेगळा शिकलेला डॉक्टर कोण ते विचारा. सळईने मोजून आकडे लिहून द्या म्हणावं आणि पूर्ण तोंडाचा एक्स-रे काढून घ्या.

दात साफ केले की ते खिळखिळे होतात, हे काकीचं म्हणणं डोक्यातून काढ. दगडानेच दात एकमेकांना चिकटवून धरलेले असतात. तो निघाला की आधीचं हलणं कळतं आणि फटी दिसतात. माझं हिरडीखालचं साफ करायला बधिर करून दोन खेपा लागल्या. दोन-तीन दिवस गार पाणी लागलं, बस. तीन महिन्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा सातचा पाच झाला होता. सहाचे बहुतेक चार. सगळं तू-त्रे काही व्हायचं नाही, पण आणखी खाली जाऊ द्यायचं नाही. आता रोज रात्री दातांच्या मधल्या फटीत बारीक ब्रश घालतो, बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लूच ते. तुझ्यासाठी तीन मापांचे पाठवतोय. वाल्याच्या मुंबईच्या भाच्याबरोबर येतील.

पुढच्या रविवारी फोन करीन. बाबांनी गोळ्यांचं पाकीट जवळ ठेवावं आणि आईने तोंड उजेडाकडे करून बसावं, मला बघायचंय.

तुमचा,
संदीप

ता.क. हापूसवर भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, लागलेलं झाड बाबा बाहेरून नुसतं वाजवून ओळखतात. बाबा, तेवढ्याच बारकाईने एकदा आईच्या हिरड्या बघा. रंग लाल आहे की गुलाबी, ते मला कळवा.